हाचिबेईला विचारून

रोज सकाळी, चहाच्याही आधी, माझ्या सासूबाई तळलेल्या टोफूचा एक तुकडा कागदात गुंडाळून घराबाहेर पडायच्या आणि त्या दिवशी कोणतं चित्र काढणार आहेत ते हाचिबेईला सांगून यायच्या.

हाचिबेई म्हणजे तानुकी, रूप बदलू शकणारा, रानकुत्र्यासारखा एक प्राणी. तोराजींच्या टोफूच्या दुकानामागे, कापराच्या झाडाखाली, त्याचं गुडघाभर उंचीचं देऊळ आहे. आत दगडाचा तानुकी बसलेला. गोल पोट, कुत्र्यासारखं तोंड, गळ्यात कधीकाळी लाल असलेलं लाळेरं. नाक लोकांनी हात फिरवून फिरवून सपाट केलेलं. आमच्या आवा प्रांतात असे तानुकी गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे, स्वभाव आहे, नातेवाईक आहेत. कुणी दुकान काढलं, होडी घेतली, सून आणली, की आपल्या गल्लीतल्या तानुकीला आधी सांगायचं. न सांगता केलेलं त्याला आवडत नाही. रागावला तरी तो फार काही करत नाही. चपला लपवतो, भात करपवतो, एवढंच.

सासूबाई त्याच्यासमोर वाकायच्या, दोन टाळ्या वाजवायच्या आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलायच्या.

"आज आठवं पान, हाचिबेई. तुझा भाचा बसथांब्याचा खांब होतो. म्हातारीला पुढच्या थांब्यापर्यंत चालवत नाही म्हणून. पावसात उभा राहील, शिंकेल, पण कुणाला सांगणार नाही. चालेल ना?"

मग टोफू ठेवून त्या गल्लीच्या वळणापर्यंत जायच्या आणि तिथून मागे वळून बघायच्या. कापराच्या झाडावरच्या कावळ्याने तुकडा उचललेला असला की परवानगी मिळाली. घरी येऊन दौतीचं झाकण उघडायच्या. कावळा आला नाही तर त्या दिवशी नवी रेघ नाही. पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, टाक धुवायचे, काळे भाग भरायचे, पण नवं काही काढायचं नाही. तानुकीला विचारतात सगळेच. कावळ्याकडून उत्तर घेण्याची रीत मात्र त्यांची एकटीची.

"आणि कावळ्याला भूक नसली तर?" मी एकदा विचारलं.

"तोराजीचा टोफू भुकेसाठी खात नाहीत," त्या म्हणाल्या. "समोर दिसला म्हणून खातात."

त्यांचं नाव साको फुसाए. वडील निळीत कापड रंगवायचे. त्यांची नखं शेवटपर्यंत निळी होती, असं त्या सांगायच्या. स्वतः त्या गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. माणूस बसेल एवढ्या पातेल्यात सूप ढवळायच्या, आणि त्यामुळेच की काय, पुढे टाक धरतानाही त्यांचा सगळा हात खांद्यापासून हलायचा. नवरा समुद्रात शेवाळाची शेती करायचा. संध्याकाळी सायकलवरून घरी येताना वळणावर घंटी वाजवायची त्याची सवय होती. तो फुप्फुसाच्या आजाराने गेला तेव्हा त्यांचा एकुलता मुलगा कोहेई शाळेतही जात नव्हता. तो रोज संध्याकाळी दारात बसायचा. विचारायचा काही नाही, नुसता वळणाकडे कान देऊन बसायचा.

पहिली गोष्ट त्यांनी त्याच्यासाठी काढली, शाळेतल्या जेवणाच्या वेळापत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. एक तानुकी मुलाच्या बाबांचं रूप घ्यायला बघतो. पण जमत नाही. कधी कान बाहेर राहतात, कधी शेपटी. शेवटी तो बाबा व्हायचा नाद सोडतो आणि फक्त सायकलच्या घंटीचा आवाज होतो. रोज संध्याकाळी वळणावर वाजतो आणि निघून जातो.

कोहेईने चित्रं बघून विचारलं होतं, "रोज येणार?"

"तुला गरज आहे तोवर," त्या म्हणाल्या होत्या.

शाळेतल्या एका बाईंनी ती पानं तोक्योतल्या एका मासिकाला दाखवली आणि त्यातून 'कापराच्या झाडाखालचे शेजारी' ही चित्रकथा सुरू झाली. ती इतकी वर्षं चालली की कोहेई लहानाचा मोठा झाला, बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागला. त्या गोष्टींत लढाई नसायची. कुणी कुणाला शाप देत नसे. नदीतून नाहीसा झालेला पाणमांजरांचा वंश धुकं पडलं की मासळीचं दुकान मांडायचा आणि फक्त ज्यांना त्यांची आठवण आहे त्यांना विकायचा. आंधळ्या मालकिणीच्या घरची मांजर म्हातारी होऊन दोन शेपट्यांची झाली आणि रात्रीची भांडी घासून ठेवायला लागली. मालकिणीला ते कळलं होतं, पण मांजर लाजेल म्हणून ती काही बोलायची नाही.

मासिकाच्या संपादक मिझोगुचीबाई अधूनमधून फोन करायच्या. "फुसाएताई, एखादं दुष्ट पात्र तरी घाला."

"गावात आहेत तेवढे पुरे आहेत," सासूबाई म्हणायच्या.

"बरं, मग कोल्हा घाला. वाचकांना कोल्हे फार आवडतात."

"आमच्याकडे कोल्हे नाहीत."

हे मात्र खरं. आमच्या बेटावर कोल्हे नाहीत असंच सगळे मानतात. फार पूर्वी दाइशी या थोर साधूंनी खोड्याळ कोल्ह्यांना समुद्रापार हाकललं आणि सांगितलं, इथे लोखंडी पूल होईल तेव्हाच परत या. लोखंडाचा पूल समुद्रावर कधी होणार, म्हणून सगळे निश्चिंत होते. मग नारुतोचा पूल झाला. त्यावरून सासूबाई आणि तोराजी यांचा वाद जन्मभर चालला.

"पूल झाला, अट संपली," सासूबाई म्हणायच्या. "आता आले तर आले."

"दाइशी म्हणाले परत येऊ शकता," तोराजी टोफू कापता कापता म्हणायचे. "या, बसा, जेवा असं कुठे म्हणाले?"

मी त्या पुलावरून आले. माझं माहेर क्योतोजवळ, इनारी या धान्यदेवतेच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथे इनारीचे दूत म्हणून कोल्हेच पुजतात. आमच्या फाटकालाच दोन दगडी कोल्हे आहेत. कोहेई मला घेऊन गावात उतरला तेव्हा तोराजी हात पुसत दुकानाबाहेर आले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "आली शेवटी कोल्हीण. पुलाला माझा विरोध होता, कुणी ऐकलं नाही."

मला ते आवडले. त्या दिवसापासून ते मला कोल्हीणबाईच म्हणतात आणि टोफू देताना एक तुकडा जास्त घालतात.

पण सासूबाई मला हाचिबेईकडे घेऊन गेल्या नाहीत. सुनेला तानुकीला दाखवायचं, सोबत लाल चवळीचा भात न्यायचा, ही गावची रीत. मी कोहेईला विचारलं, त्याने आईला विचारलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "तिच्या माहेरचे देव वेगळे. तिला कशाला आमच्या तानुकीपुढे वाकायला लावायचं?" त्यांनी तो माझा मान ठेवला होता. मीही तो मान समजूनच घेतला. हाचिबेईपुढून जाताना मी दुकानदाराला करतात तशी मान हलवायची आणि पुढे जायची.

कोहेई गेला तो एका साध्या दुपारी. कारखान्यात इंजिन उघडून बसला होता, तसाच बाजूला कलंडला. डोक्यातली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले. त्यानंतर सासूबाईंनी टाक हातात घेतला नाही. मासिकात त्यांच्या पानांच्या जागी दर महिन्याला एक ओळ छापून यायची की लेखिका विश्रांती घेत आहेत. सकाळी टोफू घेऊन जाणं मात्र चुकलं नाही.

"आता त्याला काय सांगता?" मी विचारलं.

"आज काही नाही, एवढं सांगते. तो वाट बघत बसेल ना."

कावळा यायचा, टोफू न्यायचा. परवानगी रोज मिळत होती. घेणारं कुणी नव्हतं.

त्याच वर्षी त्यांचे डोळे बिघडले. समोरचं धूसर आणि कडेचं स्वच्छ, असं काहीतरी. माणसाचा चेहरा बघायचा तर त्या त्याच्या कानाकडे बघायच्या. सरळ रेघेला त्यांच्या नजरेत मध्येच पोट सुटायचं. "माझ्या सगळ्या रेघा तानुकी झाल्या," असं त्या डॉक्टरांना म्हणाल्या. डॉक्टर हसले आणि मग इंजेक्शनची तारीख दिली.

कोहेईचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर माझ्या आईचा फोन आला. वर्ष झालं, आता ये. तुझी खोली रंगवून घेते, मामाच्या दुकानात हिशेबाला माणूस हवंच आहे. तुझं वय काय आहे, अगं. मी "बघते" म्हटलं. सासूबाई पलीकडे कप पुसत होत्या. त्यांचे डोळे गेले होते, कान नाही.

"पुलावरून बस दोन्ही बाजूंनी जाते," त्या म्हणाल्या. "इकडे येते तशी तिकडेही जाते. माझा विचार करू नकोस."

"तुमचं कसं होईल, आई?"

"सूप ढवळता येतं मला. आणि तोराजी आहे ना, माझ्यावर लक्ष ठेवायला. आधीपासूनच ठेवतो तो, मेला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिझोगुचीबाईंना स्वतः फोन लावला. शेवटची एक गोष्ट काढते, म्हणाल्या. वीस पानं. कोल्ह्याची.

गोष्ट त्यांनी मला स्वयंपाकघरात सांगितली. शेवटच्या बसने, बाईचं रूप घेऊन, एक कोल्ही पूल ओलांडून येते. हातात बॅग, कोटाखालून शेपटीचं टोक दिसतंय. थांब्यावर तानुकी उभा आहे, तोच जो पूर्वी खांब झाला होता. तिचं इथे काही काम असतं, ते होतं, आणि मग सकाळ होते. कोल्ही बॅग उचलते.

"आणि?"

"आणि तिथे अडलंय," त्या म्हणाल्या. "हाचिबेईला विचारायला हवं. राहते की जाते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या कानाकडेही नाही.

सुरुवातीची पानं काढताना एक भलतीच अडचण आली. त्यांनी जन्मात कोल्हा काढला नव्हता. कागदावर तोंड लांब करायच्या, कान टोकदार करायच्या, तरी हात सवयीने पोटाकडे गोल वळायचा. मी बघितलं आणि मला हसू आवरेना. किती महिन्यांनी हसले होते कोण जाणे.

"काय झालं?"

"आई, हा कोल्हा नाही. हा उपाशी तानुकी आहे."

त्यांनी कागद डोळ्यांच्या कडेला धरला, तिरकं बघितलं. "उपाशीच आहे बिचारा," म्हणाल्या. "मग तू दाखव. तुमच्या फाटकावर आहेत ना दोन."

मी पेन्सिल घेतली. माहेरचे दगडी कोल्हे लहानपणापासून पाठ होते. त्यांची कंबर, छातीवरचा ताठा, डोळे मिटल्यासारखे बारीक. माझ्या रेघा कच्च्या होत्या, पण कोल्हा कोल्ह्यासारखा दिसला. मग तशीच वाटणी झाली. तानुकी त्या काढायच्या, हातांच्या सवयीने. कोल्ही मी. चौकटींच्या सरळ रेघा पट्टी धरून मी मारायची, शाई त्या भरायच्या, आणि मी सांगायची, डावीकडे जरा सुटलंय, हं, आता बरोबर. कधी म्हणायच्या, "शेपटी कुठे वळते गं, घाबरल्यावर?" मी सांगायची. "आणि ओशाळल्यावर?" मी विचार करून सांगायची. एका टेबलावर दोघी. मध्ये दौत.

आता शेवटचं पान उरलं. सासूबाई टोफू घेऊन हाचिबेईकडे गेल्या आणि त्याला विचारलं. मी बरोबर होते, कारण वळणावरून मागे बघितलं तरी त्यांना आता कावळा दिसत नव्हता.

"आला?"

"नाही."

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही टोफू तसाच, वर मुंग्या. कापराच्या झाडाच्या फांद्या विजेच्या तारांसाठी छाटल्या होत्या. कावळा बहुतेक दुसरीकडे गेला होता. पण हे त्यांना कोण सांगणार? रोज त्या विचारायच्या, "हाचिबेई, कोल्ही राहू दे का?" आणि रोज घरी येऊन टाक धुवायच्या. धुतलेलेच टाक पुन्हा धुवायच्या. मिझोगुचीबाईंचे फोन मी घ्यायची. त्यांचा आवाज दर वेळी जास्त गोड व्हायचा, म्हणजे अंक छपाईला जायची वेळ जवळ आली होती.

"आई, नुसतं काढून टाकू या ना."

"न विचारता?"

"मग ती जाते असं काढा. त्याला परवानगी कशाला लागते?"

त्यांनी टाक पुसला, ठेवला. "जाते असं काढायला माझा हात चालत नाही," म्हणाल्या. "राहते असं काढायचा मला हक्क नाही. म्हणून तर त्याला विचारतेय."

ते वाक्य दिवसभर माझ्याबरोबर राहिलं.

पुढच्या सकाळी आम्ही टोफू घ्यायला गेलो तेव्हा तोराजी गिऱ्हाईक नसल्याने पाटावर बसून आमची वाट बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांच्या दुकानाच्या मागच्या खिडकीतून देवळातलं शब्द न शब्द ऐकू येतं.

"वहिनी," ते म्हणाले, "एक विचारू? रागावू नकोस."

"तू विचारलंस म्हणजे रागावणारच. विचार."

"रोज उठून त्याला विचारतेस, कोल्ही राहू दे का, कोल्ही राहू दे का. कोल्ही त्याला दाखवलीस कधी?"

सासूबाई पैसे मोजायला लागल्या.

"गल्लीतल्या सगळ्यांची सून त्याने बघितली. माझी बघितली, ती पळून गेली तरी बघितली होती. तुझी नाही. तो बिचारा तिथे बसून विचार करत असेल, कोण कोल्ही, कुठली कोल्ही. त्याच्या लेखी ही अजून पाहुणीच आहे. पाहुणी राहणार का म्हणून कुणी परवानगी देतं का?"

"तिच्या माहेरचे..."

"माहेरचे देव वेगळे, ऐकलंय मी. तू तिचा मान ठेवायला गेलीस आणि तिला दाराबाहेर ठेवलंस."

मला वाटलं त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत. टोफूची पुडी त्यांनी दोन्ही हातांत धरली.

"तेव्हा चुकलं असेल," त्या हळू म्हणाल्या. "पण आता कसं दाखवू? एकदा दाखवलं की ती या गल्लीची झाली. मग जाताना तिला जड जाईल. मी तिला अडकवणार नाही, तोराजी. मुलगा गेला तो गेला. त्याच्या मागे तिला बांधून ठेवायची नाही मला."

हे सगळं माझ्यासमोर बोलत होते, मी तिथे नसल्यासारखं. तोराजींनी माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि तळलेल्या टोफूचा जास्तीचा तुकडा पुडीत घातला.

त्या दुपारी मी किनाऱ्यावर गेले. दोऱ्यांवर शेवाळ वाळत घातलं होतं. वारा आला की ते ओल्या कापडासारखं एकमेकांवर आपटायचं. माहेरी जायचं नव्हतं असं नाही. आईचा हात, माझी खोली, सकाळी डोंगरावरून येणारा घंटेचा आवाज, सगळं हवं होतं. पण मी मनातल्या मनात त्या खोलीत जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत बसून बघितलं. तिथे सगळे माझी काळजी घेत होते. ओशाळल्यावर शेपटी कुठे वळते, असं मला कुणी विचारत नव्हतं. बोटांवर शाई होती, धुतली तरी जात नव्हती. ती मी बघत बसले.

घरी परतताना वाण्याकडून लाल चवळी घेतली आणि चिकट तांदूळ घेतले. सासूबाई आंघोळीला गेल्या तेव्हा चवळी उकडली आणि तिच्या लाल पाण्यात तांदूळ भिजत टाकले. मग आईला फोन केला. म्हटलं, खोली रंगवू नकोस. ती म्हणाली, "बरं. सुट्टीला तरी ये."

सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, त्यांचा हात नेहमीप्रमाणे ओट्यावरून चाचपत गेला आणि पातेल्याशी थांबला. त्यांनी बोटं आत घातली. तांदूळ चोळून बघितले. बोट जिभेला लावलं.

"हे कुणासाठी?"

"हाचिबेईसाठी."

त्या तशाच उभ्या राहिल्या, बोटं पाण्यात. शोकाच्या वर्षात घरात लाल भात होत नाही. वर्ष संपलं होतं, पण दोघींपैकी कुणी ते म्हटलं नव्हतं.

"आईला सांगितलंस?"

"काल."

"हं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बोटं बाहेर काढून ॲप्रनला पुसली. "वरून काय घालणार आहेस?"

"तीळ-मीठ."

"मीठ? लाल भातावर आमच्याकडे तीळ-साखर लागते."

"गोड भात, आई?"

"राहायचंय ना इथे? मग खायला शिक."

भात वाफवून, वर तीळ-साखर घालून आम्ही तिघे हाचिबेईसमोर उभे राहिलो. तोराजी दुकान उघडं टाकून आले होते. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि या वेळी त्यांचा आवाज जरा औपचारिक झाला, पाहुण्यांसमोर होतो तसा.

"हाचिबेई, ही चिहारु. आमच्या कोहेईची बायको. उशीर झाला दाखवायला, माझी चूक. कोल्ह्यांच्या घरची आहे, पण स्वभावाने बरी आहे. चवळी तिने स्वतः उकडली. मीठ घालणार होती, मी वाचवलं तुला."

मी वाकले. दुकानदाराला करतात तशी मान हलवून नाही, कमरेतून. मग हात पुढे करून त्याच्या सपाट नाकावरून फिरवला, बाकी सगळे फिरवतात तसा. दगड गार होता, आणि इतका गुळगुळीत की कुणाच्या तरी गालासारखा वाटला.

आम्ही वळणापर्यंत गेलो. मागे वळून मी बघितलं.

"आला?" सासूबाईंनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "कावळा नाही आला," मी म्हटलं. "मांजर आलंय. तोराजींचं ते भुरं. खातंय."

"मांजर?" त्यांचा चेहरा पडला. "मांजराचं चालतं का?"

तोराजी त्यांच्याकडे बघतच राहिले. "वहिनी," ते म्हणाले, "तानुकी रूप बदलतो. तूच आयुष्यभर इतकी पुस्तकं काढलीस त्यावर, आणि मला विचारतेस?"

सासूबाईंच्या खांद्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. घरी येऊन त्यांनी दौतीचं झाकण उघडलं.

शेवटच्या पानावर कोल्ही कुठे जात नाही आणि राहते असंही कुणी म्हणत नाही. अंगणात दोरीवर तानुकीचे कपडे वाळत आहेत, आणि त्यांच्या शेजारी मोज्यांची एक नवी, अरुंद जोडी. बॅग उघडी आहे, आत मांजर झोपलंय. मोजे मी काढले. दोरी त्यांनी काढली, एका दमात, पट्टीशिवाय. मध्येच तिला किंचित पोट सुटलं होतं. मी काही बोलले नाही. दोरी तशीच असते.

त्यानंतर त्यांनी चित्रं काढली नाहीत. पण सकाळची फेरी चालू राहिली, माझ्या दंडाला धरून. आता त्या हाचिबेईला चित्रांऐवजी घरातलं सांगायच्या. छप्पर गळतंय, चिहारुला शाळेच्या वाचनालयात काम मिळालंय, मुळा यंदा कडू आहे. कापराच्या झाडाला पुन्हा पालवी आली आणि एक कावळा आला, तोच की दुसरा माहीत नाही. मांजराचं आणि त्याचं जमायचं नाही.

त्या गेल्या त्या दिवशी सकाळी पाय जड वाटतात म्हणून फेरीला आल्या नाहीत. पडून राहिल्या. मी वाचनालयात जायला निघाले, दारात बूट घालत होते. दुपारी परत आले तेव्हा त्या झोपेतच गेल्या होत्या, हात पांघरुणाबाहेर, बोटांना शाई नाही. पण सकाळी आवाज नेहमीसारखाच होता, आतल्या खोलीतून, थोडा चिडका.

"चिहारु, येताना तोराजीकडून टोफू आण. दोघींपुरताच. आणि हाचिबेईचा वेगळा बांधायला सांग, नाहीतर तो एकाच पुडीत उरकतो."